गुढीपाडव्याच्या रात्रीचें अग्निदर्शन

इसवी सन २०२२ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिलची, सायंकाळ होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्र व मध्यप्रदेश येथील असंख्य लोकांनीं जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशांतून संथपणें सरकतांना पाहिली. कोणी ती उल्का म्हटली, कोणी पेटलेलें विमान; अशा प्रसंगीं परग्रहावरील यानाची कल्पनाहि सहसा मागें राहत नाहीं. इतक्यांत चंद्रपूर जिल्ह्यांतील सिंदेवाही तालुक्यांत, लाडबोरी गांवीं, सुमारें अडीच-तीन मीटर व्यासाचें धातूचें एक कडें मोकळ्या जागेंत येऊन पडलें. तर्काला आतां वजन आलें. तेंहि सुमारें ४० किलोंचें!

उल्केची शंका वेगावरूनच मिटते. उल्का सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगानें वातावरणांत शिरते व बहुधा कांहीं क्षणांतच विझते. पृथ्वीभोंवतीं फिरणारी मानवनिर्मित वस्तु सेकंदाला आठ किलोमीटरांच्या जवळपास वेगानें, अगदीं तिरकस उतरते. म्हणून ती अधिक वेळ दिसते, फुटते, आणि तिचे तुकडे एकामागोमाग एकाच दिशेनें जातात. त्या रात्रीचें वर्णन याच्याशीं जुळत होतें.

परंतु येथें जाणत्यांचीहि परीक्षा झाली. त्याच दिवशीं न्यूझीलंडमधून 'इलेक्ट्रॉन' नांवाचा अग्निबाण उडाला होता. प्रथम संशय त्याजवर गेला. काळ जुळला कीं कारणहि जुळलें असें मानण्याचा मोह विद्वानांनाहि आवरत नाहीं. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनीं मात्र फेब्रुवारी २०२१ मध्यें उडालेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३ ब' या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याकडे बोट दाखविलें. तो टप्पा वर्षाहून अधिक काळ पृथ्वीभोंवतीं फिरत होता. पुढें इस्रोचे शास्त्रज्ञहि सिंदेवाहीस येऊन अवशेष पाहून गेले.

विदर्भास असा घोटाळा नवा नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या विवराचा संबंध लोककथेनें लवणासुराशीं जोडला, तर अनेक भूशास्त्रज्ञांनीं तें दीर्घकाळ ज्वालामुखीचें कार्य मानलें. आघातानें काचरूप झालेल्या खनिजांचा पुरावा १९७३ मध्यें पुढें आल्यावर अशनिपाताचें मत दृढ झालें. तेथें खरोखर आकाशांतून आलेली वस्तु पुष्कळांनीं ओळखली नव्हती.

लाडबोरीचा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें अवकाशांतून पडलेल्या वस्तूनें जमिनीवर केलेल्या हानीची भरपाई ती सोडणाऱ्या राष्ट्रानें द्यावयाची असते. कडें एखाद्या घरावर पडलें असतें, तर त्या कुटुंबानें दाद कोणाकडे मागावी हें 'तें कोणाचें?' याच उत्तरावर ठरलें असतें. सुदैवानें कोणासहि इजा झाली नाहीं. कडें उचलून सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यांत ठेवण्यांत आलें.