इस्राएल आळीतले मिस्त्रीकाका

अलिबागेत इस्राएल आळी अजून आहे, पण आळीत इस्राएल फारसे उरले नाहीत. माझ्या लहानपणी, आमचा जिल्हा रायगड नव्हे तर कुलाबा होता तेव्हा, तिथल्या ओट्या माणसांनी भरलेल्या असत. माझी आजी त्या आळीतून तेल आणायची. बाटलीला सुतळी बांधलेली, बरोबर मी. तेल घेताघेता जी गोष्ट सुरू होई ती घरी पोचेपर्यंत चाले.

गोष्ट अशी. फार जुन्या काळी नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या जगल्या. बुडालेल्यांना पुरलं ती जागा नवगावला आजही दाखवतात. हे किती वर्षांपूर्वी घडलं, या प्रश्नाला आजीचं उत्तर दर खेपेला बदले: कधी हजार, कधी दोन हजार. जगले त्यांनी गावोगाव घाणे टाकले, तीळ-खोबऱ्याचं तेल काढलं. शनिवारी घाणा बंद, बैलालाही सुट्टी. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली, केहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, आणि भाषा मराठीच झाली.

मिस्त्रीकाका या बेने इस्राएल ज्यूंतलेच. परळच्या रेल्वे वर्कशॉपात ते फिटर होते आणि निवृत्तीनंतर आळीतल्या वडिलार्जित घरात येऊन राहिले. हाताची बोटं जाड, नखांत वंगण कायमचं मुरलेलं. आमच्या घरचं शिवणयंत्र, रहाट, स्टोव्ह, रेडिओ, सगळ्याला तेच. पैसे घेत नसत. आई वालाचं बिरडं पाठवायची तेवढं मात्र घेत, आणि भांडं रिकामं कधी परत येत नसे.

त्यांच्याकडचे सण आम्हांला पाठ होते. नव्याच्या सणाला काकी चिकाचा हलवा करायच्या. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध ढवळून ढवळून हाताला फोड यायचे म्हणत, पण ढवळायला दुसऱ्या कुणाला देत नसत. मटणाच्या रश्शातही नारळाचंच दूध, कारण मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध त्यांना चालत नाही. कोळंबी आणि खेकडे वर्ज्य. अलिबागेत राहून कोळंबी नाही, याचं आम्हां पोरांना फार वाईट वाटे. नवस फेडायचा तर एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा: पोहे, गूळ, खोबरं, फळं. दारफाळणीच्या सणाला पांढरे कपडे, कडक उपास आणि दारं बंद. त्या दिवशी आजी आम्हांला आळीतून मोठ्यानं बोलत जायलासुद्धा बंदी करायची.

काकांच्या आज्याचा घाणा होता. घाण्यापासून वर्कशॉपापर्यंत घराणं कसं आलं, हे काका रंगवून सांगायचे. त्यांच्या मते त्याचं सगळं श्रेय शाळेला. हाईम सॅम्युएल केहीमकर नावाच्या गृहस्थांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदुरी शाळा. तिथे काकांचे वडील शिकले आणि पोस्टात कारकून झाले. मग काका शिकले. वर्कशॉपात लागल्यावर सुट्टीच्या दिवशी काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीत जाऊन बसत. "तिथे जायला आपला हक्क आहे," म्हणायचे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ती संस्था १८४७ मध्ये टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण मेकॅनिकांनी सुरू केली. बगदादहून आलेल्या ससून घराण्यानं पैसा दिला आणि १८७० साली आजची दगडी इमारत उभी राहिली. ससूनांच्या गिरण्या होत्या, कुलाब्याला १८७५ ची गोदी होती. त्या श्रीमंत बगदादी ज्यूंचा आणि आमच्या तेली-फिटर मंडळींचा रोटीबेटी व्यवहार मात्र नव्हता. "धर्म एक, पण ताट वेगळं," काकी म्हणायच्या. काका विषय बदलायचे.

मग माणसं जायला लागली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वीसेक हजार बेने इस्राएल होते. त्यांतले बहुतेक पुढच्या दोन-तीन दशकांत इस्राएलला गेले. इथे कुणी हाकललं नव्हतं, हे काका प्रत्येकाला बजावून सांगत. काकांचा धाकटा भाऊ बायकापोरांसह गेला, बोटीनं की विमानानं ते मला आता आठवत नाही. ओटीवर लोखंडी ट्रंका रचलेल्या आणि काकी एका ट्रंकेत पापड, कोकमं आणि पाटा-वरवंट्यातला नुसता वरवंटा भरत होत्या, एवढं आठवतं. तिकडे पाटा कुठून मिळणार, हे कुणी विचारलं नाही.

भावाची निळी हवाईपत्रं येत. काका ती आधी मनात वाचत, मग मोठ्यानं, आणि दोन वाचनांमध्ये काही ओळी गळत. गळलेलं आम्हांला नंतर कळलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेलेल्या पहिल्या बेने इस्राएलांना भेदभावाचा एवढा जाच झाला की त्यांनी धरणं धरली आणि काहीजण भारतात परतले. पुढे लग्नाच्या वेळी 'हे पुरते ज्यू आहेत का' असा प्रश्न तिथल्या धर्मगुरूंनी काढला. १९६४ साली तो मिटला. काका त्या काळात कमी बोलत. एकदाच म्हणाले, "दोन हजार वर्षं शनवार पाळला, तो कुणाला दिसला नाही."

पण हातातलं कसब वाया जात नाही. भाऊ लोद गावात राहिला आणि विमानं दुरुस्त करण्याच्या कामाला लागला. मेहुणी दिमोन्याकडे, वाळवंटात. तिथे कापडगिरणी निघाली होती आणि मुंबईच्या गिरणीत हात बसलेली आपली माणसं तिच्यात होती, असं काकी सांगायच्या. पुतण्या शिकला, हैफाला गेला. तिथून पत्रांची तऱ्हाच बदलली. आधी हवापाणी आणि कुणाकुणाची लग्नं असायची, आता त्यांत चिप हा शब्द यायला लागला. काकांना वाटलं बटाट्याची.

हैफाची हकीकत खरोखर सांगण्यासारखी आहे. डोव्ह फ्रोमन नावाचे इंजिनियर अमेरिकेत इंटेलमध्ये होते. लिहिलेलं पुसून पुन्हा लिहिता येईल अशी ईप्रॉम ही स्मृतिचिप त्यांनी १९७१ मध्ये शोधली. त्यांच्या आग्रहानं इंटेलनं १९७४ साली हैफाला, अमेरिकेबाहेरचं आपलं पहिलं आरेखन केंद्र उघडलं. सुरुवातीला माणसं जेमतेम पाच. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या पोटातली ८०८८ ही चिप याच केंद्रात आखलेली होती. त्याच गावातल्या टेक्निऑन विद्यापीठात अब्राहम लेंपेल आणि याकोव्ह झिव्ह यांनी १९७७-७८ मध्ये मजकूर दाबून लहान करायची रीत काढली. आपण फाइल झिप करतो ती तिच्याच वंशातली. आणि तेल अवीवमध्ये जन्मलेले आदी शमीर यांनी रिव्हेस्ट आणि ॲडलमन यांच्याबरोबर १९७७ साली जी गुप्तलेखनाची युक्ती बसवली, तिच्या जोरावर पुढे इंटरनेटवर पैशाचे व्यवहार निर्धोक झाले.

यातलं काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी बँकेत होते, आणि आमची युनियन संगणकाविरुद्ध मोर्चे काढत होती. मीही घोषणा दिल्यात. सुट्टीला अलिबागेत आले की काका मला मुद्दाम विचारत, "काय बाय, यंत्र आलं का तुझ्या टेबलावर?" आलं, शेवटी आलंच. तोवर भारत आणि इस्राएल यांच्यात १९९२ साली पूर्ण राजनैतिक संबंधही सुरू झाले होते आणि पुतण्या कुटुंबासह भेटीला येऊन गेला होता. त्याच्या मुलीला मराठी समजे, बोलता मात्र हिब्रूच येई. काकींनी तिला चिकाचा हलवा ढवळायला दिला. आम्ही बघतच राहिलो.

तिनंच पुढे माझ्या भाच्याला आयसीक्यू शिकवलं. १९९६ साली तेल अवीवच्या चार पोरांनी तो गप्पांचा प्रोग्रॅम केला, आणि दोन वर्षांत अमेरिकेतल्या एओएलनं त्यांची कंपनी चाळीस कोटी डॉलरांवर किंमत देऊन घेतली. भाचा सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसे. इथून शब्द टाकला की हैफाला उमटे. काकांना हे दाखवायला त्यानं एकदा कॅफेत नेलं. काकांनी पडद्यावरचं वाचलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हे शब्द जातात कुठून? तार कुठे आहे?"

भाच्याला उत्तर येत नव्हतं. मीच नंतर वाचून काढलं. ग्रोड्नो गावात, तेव्हाच्या पोलंडमध्ये, १९२६ साली जन्मलेला पॉल बॅरन हा ज्यू मुलगा दोन वर्षांचा असताना अमेरिकेत आला. बाप फिलाडेल्फियात किराणा दुकान चालवी. या मुलानं मोठेपणी, अणुयुद्धाच्या भीतीच्या दिवसांत, असा विचार केला की निरोपाचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याला आपापल्या वाटेनं जाऊ द्यावं. म्हणजे लग्नाचं वऱ्हाड चार एस.टी.त विभागून पाठवायचं: वडखळचा रस्ता बंद पडला तर एक गाडी रोह्याकडून येईल, पण मांडवात सगळे पोचतील आणि मानपानाप्रमाणे बसतीलही. १९६४ च्या सुमाराला त्यानं हे सविस्तर मांडलं. इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनाही हीच गोष्ट स्वतंत्रपणे सुचली. लेनर्ड क्लाइनरॉकनं अशा जाळ्याचं गणित बसवलं, आणि २९ ऑक्टोबर १९६९ ला त्याच्याच लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेतून पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' लिहायचं होतं, दोन अक्षरं जाऊन पलीकडचं यंत्र बंद पडलं.

हा क्लाइनरॉक काकांना आवडला असता. न्यूयॉर्कच्या गरीब ज्यू घरातला. लहानपणी कॉमिकमध्ये वाचून त्यानं बापाचं दाढीचं पातं, पेन्सिलीचं शिसं आणि टेलिफोनच्या खोक्यातून लांबवलेलं ऐकण्याचं यंत्र जोडून रेडिओ केला. पैसे नव्हते, म्हणून दिवसा नोकरी करून रात्री सिटी कॉलेजात शिकला. त्या कॉलेजात फी नव्हती. अँडी ग्रोव्हही तिथलाच. बुडापेस्टचा ज्यू मुलगा, नाझींच्या काळात आईबरोबर खोट्या नावानं लपून वाचलेला, १९५६ च्या उठावानंतर सरहद्द ओलांडून पळालेला. पुढे इंटेलचा प्रमुख झाला. १९९७ मध्ये 'टाइम'नं त्याला वर्षाचा मानकरी केलं तेव्हा पुतण्यानं तो अंक काकांना पाठवला होता.

तो अंक हातात असतानाच मी म्हटलं होतं, "काका, तुमच्या लोकांचं डोकंच काही वेगळं." काकांनी अंक बाजूला ठेवला.

"डोकं वेगळं असतं तर माझ्या आज्यानं घाण्याला बैल कशाला जुंपला असता? बाय, तोच आजा, तेच रक्त. शाळा निघाली म्हणून बाप कारकून झाला नि मी फिटर. हैफाला कॉलेज होतं म्हणून पोरगा इंजिनियर झाला."

काका त्यानंतर एक-दोन पावसाळे होते. आता काकींची लेक, आमची ताई, त्या घरात एकटी असते. सकाळी चहा घेताना व्हॉट्सअ‍ॅपवर लोदच्या भावंडांशी बोलते. एकीकडून कैऱ्या दिसतात, दुसरीकडून डाळिंबं. व्हॉट्सअ‍ॅप काढणाऱ्या दोघांपैकी यान कूम हाही युक्रेनचा ज्यू. १९९२ साली, सोळा वर्षांचा असताना, आई आणि आजीबरोबर अमेरिकेत आला. बाप मागेच राहिला. आईनं पेनं आणि वह्यासुद्धा तिकडूनच बॅगेत भरून आणल्या होत्या. सरकारी मदतीच्या कूपनांसाठी तो ज्या कचेरीत रांगेत उभा राहिला, तिच्याच दारात २०१४ साली त्यानं कंपनी फेसबुकला विकल्याच्या कागदावर सही केली. किंमत एकोणीस अब्ज डॉलर. तिकडे फोन करणं किती महाग पडतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

काकांचा शाळेचा हिशेब उलट बाजूनंही खरा ठरतो. हंगेरीनं १९२० साली कायदा करून विद्यापीठातल्या ज्यू मुलांच्या जागा आखडल्या. सोव्हिएत काळात मॉस्कोत गुगलच्या सर्गेई ब्रिनच्या वडिलांना खगोलशास्त्र शिकायचं होतं, पण ज्यू म्हणून वाट बंद होती. ते गणिताकडे वळले आणि १९७९ मध्ये सहा वर्षांच्या मुलाला घेऊन देश सोडून गेले. ज्यांनी दार लावलं त्यांनी आपलंच नुकसान केलं, ज्यांनी उघडलं त्यांच्या पदरात इंटेल आणि गुगल पडलं. शिवाय जाळं एका जमातीनं विणलेलं नाही. वेब इंग्लंडच्या टिम बर्नर्स-ली यांनी काढलं, आणि यूएसबीचं श्रेय ज्यांना देतात ते अजय भट बडोद्याला शिकले.

तेव्हा कुणी तुम्हांला ज्यूंचं डोकंच वेगळं असं कौतुकानं सांगितलं, किंवा अमक्या जातीला यंत्रातलं काही कळायचं नाही असं हेटाळणीनं सांगितलं, तर दोघांनाही मिस्त्रीकाकांचा तो एकच हिशेब ऐकवा: आजा तेली, बाप कारकून, नातू फिटर, पणतू इंजिनियर. रक्त तेच होतं. मध्ये शाळा आली.