जागेवर बोलायचं की नंतर तक्रार करायची? गिरणीतला जॉबर, बडोद्याची नोकरी आणि आपण

मागच्या महिन्यात सावद्याहून एका मैत्रिणीचा फोन आला. ती पेटची तयारी करतेय आणि खर्चासाठी एका ठिकाणी कंत्राटी काम करतेय. तिथले वरिष्ठ सगळ्यांसमोर तिचा पाणउतारा करतात. तिचा प्रश्न सरळ होता, "आत्ताच तोंडावर बोलू, की गप्प बसून नंतर लेखी देऊ?" मी वकील नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. म्हणून तिला इतिहासातूनच उत्तर द्यायचा प्रयत्न केला. तेच इथे मांडतो, कारण संशोधनात आल्यावर हा प्रश्न तुमच्याही वाट्याला येऊ शकतो.

आधी मुंबईच्या कापड गिरण्यांकडे बघू. तिथे कामगाराचा रोजचा संबंध साहेबाशी नसायचा, जॉबरशी असायचा. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, बदलीचं काम देणाराही तोच. त्यासाठी तो दस्तुरी घ्यायचा. अनेकदा उधारीही त्याच्याच ओळखीने मिळायची. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करायची. आता विचार करा, शिवीगाळ करणारा आणि नोकरी देणारा माणूस एकच असेल, तर तक्रार कुणाकडे करायची? 1929 साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात नेमकं यावरच बोट ठेवलं. भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या आणि कामगार अधिकारी नेमा, अशी शिफारस केली. पुढे 1934 च्या मुंबईतल्या कायद्याने सरकारी कामगार अधिकारी आला. म्हणजे गाऱ्हाणं ऐकायला जॉबरच्या साखळीबाहेरचा एक माणूस मिळाला.

इथे एक सावधगिरी. आयोगाचा अहवाल वाचून "जॉबर म्हणजे सर्वशक्तिमान खलनायक" असं लगेच लिहू नका. राजनारायण चंदावरकर यांनी दाखवलं की जॉबरलाही माणसं टिकवावी लागत, वस्तीत पत सांभाळावी लागे. सगळा दोष जॉबरवर टाकणं मालकांनाही सोयीचं होतं. कुणाची तक्रार कोण नोंदवतंय, हे साधन हातात घेताना कायम विचारायचं.

दुसरी गोष्ट पगाराची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचं निवेदन फॅक्टरी आयोगापुढे ठेवलं. आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती या मागण्या आपल्याला माहीत असतात. पण त्यात आणखी एक मागणी होती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळावा. ही साधी वाटते, पण नीट बघा. ज्याचा महिन्या-दीड महिन्याचा पगार अडकलाय, तो उलट उत्तर देताना दहादा विचार करणार. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. पगाराची तारीख कायद्याने बांधायला मात्र 1936 चा वेतन प्रदान कायदा यावा लागला. फेलोशिपचे हप्ते रखडलेल्या आणि गाइडच्या सहीसाठी खोळंबलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि त्या 5,500 सह्या? एकट्याने बोललेला माणूस लगेच हेरला जातो. इतक्या जणांना एकदम कामावरून काढणं सोपं नसतं.

तिसरं उदाहरण बडोद्याचं. परदेशातल्या शिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. चरित्रकार धनंजय कीर लिहितात की कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फाइली टाकत आणि तिथे प्यायला पाणीही मिळत नसे. राहायला घर मिळेना. पारशी सराईतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. कीर यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी महाराजांकडे दाद मागितली, महाराजांनी दिवाणांकडे पाठवलं आणि दिवाणांनी असमर्थता दाखवली. शेवटी त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. सुमारे 18 वर्षांनी त्यांनी हा अनुभव स्वतः लिहून काढला.

बघा, इथे तक्रार उशिरा झाली नव्हती, वेळेवर आणि थेट वर झाली होती. तरी उपयोग झाला नाही, कारण ती ऐकून काही करू शकणारी व्यवस्थाच नव्हती. म्हणून "तेव्हाच का नाही बोललात?" हा प्रश्न सोसणाऱ्याला विचारण्याआधी, बोलला असता तर ऐकणारं कोण होतं, हे आधी तपासा.

मग मैत्रिणीला काय सांगितलं? "आत्ता की नंतर" ही निवड मला पुरती पटत नाही. यात तीन वेगळी कामं आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

पहिलं, धोका नसेल तर तिथल्या तिथे एकच वाक्य: "असं बोललेलं मला चालणार नाही." भांडण नको, स्पष्टीकरण नको. आणि धोका वाटत असेल तर गप्प राहण्यात कमीपणा नाही.

दुसरं, त्याच रात्री लिहून ठेवणं. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, समोर कोण होतं. इतिहासात समकालीन नोंदीला वजन असतं, चौकशीतही असतं. स्वतःच्या बाबतीत हेच करायला मी चार महिने लावले होते, नंतर अर्ध्या तारखा आठवेनात.

तिसरं, लेखी तक्रार. हिला मुदत असते, हे बरेच जण विसरतात. लैंगिक छळाबाबत 2013 च्या कायद्यानुसार घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात 90 दिवस आहेत. विद्यार्थ्यांसाठी यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समिती आणि वर लोकपाल आहे. समितीत कोण बसलंय, हेही बघून घ्या. जॉबरची तक्रार जॉबरकडेच जात नाही ना?

मैत्रिणीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पगार थकवला तर?" याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिच्यासोबत आणखी तिघी आहेत, त्यांनाही तोच त्रास आहे. आधी त्यांच्याशी बोल, एवढंच म्हणालो. परवा तिचा मेसेज आला. चौघींनी वही घातलीय.