ई२० पेट्रोलने टर्बो गाडीचं इंजिन खरंच बिघडतं का?

‘ई२० टाकलं की इंजिनाची वाट लागते’ असा मेसेज एव्हाना तुमच्या एखाद्या ग्रुपवर येऊन गेला असणार. त्याखाली लगेच दुसरा: ‘रेसिंगच्या गाड्या तर इथेनॉलवरच पळतात!’ गंमत म्हणजे दोन्हींत थोडं थोडं खरं आहे. तुमच्याकडे टर्बो इंजिनाची जोरकस गाडी असेल आणि ती चिपळूणसारख्या ठिकाणी घाटात पळत आणि पावसात उभी राहत असेल, तर त्यातलं आपल्याला लागू काय, हे समजून घ्यायला हवं.

ई२० म्हणजे ८० टक्के पेट्रोल आणि २० टक्के इथेनॉल. चिपळूणकरांना इथेनॉल तसं लांबचं नाही. कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडे उतरलं की उसाचा पट्टा सुरू होतो. उसाचा रस आणि साखर कारखान्यांतली मळी यांपासून इथेनॉल बनतं, आता मका आणि तांदळापासूनही बनतं. देशाने १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठलं. ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झाली आणि २० टक्क्यांचा टप्पा २०२५ मध्येच आला. मूळ लक्ष्य २०३० चं होतं. ही घाईच लोकांना खटकली. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

मग रेसवाले इथेनॉल का वापरतात?

इंधन दाबाखाली वेळेआधी पेटू नये, ही क्षमता ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते, आतलं तापमान जास्त असतं. पोफळी सोडून कुंभार्लीची चढण लागली, गाडीत पाच माणसं आणि सामान असलं, की इंजिनावर खरा ताण येतो. अशा वेळी मिश्रण भलत्याच वेळी पेटलं तर खडखड ऐकू येते. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे. शिवाय त्याची वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे आतली हवा थंड करतं. टर्बोला हे दोन्ही गुण हवेच असतात.

म्हणूनच अमेरिकेतली इंडीकार २००७ मध्ये इथेनॉलवर गेली आणि फॉर्म्युला वनने २०२२ पासून १० टक्के मिश्रण घेतलं. ब्राझीलमध्ये तर साध्या पेट्रोलमध्येच २०१५ पासून २७ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल आहे. पण ती इंजिनं त्या इंधनासाठीच बनलेली किंवा जुळवलेली असतात. दहा वर्षं जुन्या भारतीय हॅचबॅकच्या बाजूने ब्राझीलचा दाखला देणं म्हणजे अर्धंच सांगणं.

अडचण कुठे येते?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकीत ही घट ६ ते ७ टक्के असू शकते, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज आहे. याला बिघाड म्हणता येणार नाही. खिशाला झळ मात्र बसते.

खरी काळजी मिश्रणाची. वजनाने एक भाग पेट्रोल जळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. कंपनीतून आली तशीच गाडी असेल तर ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजिनाचा कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. रीमॅप केलेल्या गाडीचं गणित वेगळं. तिथे टर्बोचा दाब वाढवलेला असतो, इंजेक्टर आणि फ्युएल पंप आधीच मर्यादेपर्यंत ताणलेले असतात. आणखी इंधन आणायचं कुठून? फुल अ‍ॅक्सिलरेटरला इंधन कमी पडतं, आतलं तापमान चढतं आणि गोष्ट पिस्टनपर्यंत जाऊ शकते. साध्या पेट्रोलवर बसवलेला मॅप असेल तर ट्यूनरकडून तो ई२० साठी पुन्हा करून घ्या, यात चालढकल नको. कार्ब्युरेटरवाल्या आरएक्स१०० ला तर सेन्सरच नाही, तिथे जेट बदलूनच जुळवावं लागतं.

दुसरा भाग रबराचा. इथेनॉलने जुन्या प्रकारचे पाईप आणि सील फुगतात, कडक होतात. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर तुंबतो. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांत ई२० ला टिकणारे भाग आहेत, एप्रिल २०२५ पासून इंजिनंही त्यासाठी जुळवलेली आहेत. त्याआधीची गाडी असेल तर टाकीच्या झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. महाग प्रीमियम पेट्रोल म्हणजे इथेनॉल नसलेलं, असंही धरून चालू नका. ऑक्टेन ही वेगळी गोष्ट आहे. ई२० वापरल्याने विमा रद्द होतो, ही अफवा पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्येच खोडली आहे.

चिपळूणात जपायचं ते पाण्याला

इथेनॉल पाणी ओढून घेतं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी मिसळून जातं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं. फ्युएल पंप तळातूनच ओढतो. वर उरलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल निघून गेल्याने त्याचा ऑक्टेनही घसरलेला असतो, म्हणजे टर्बोला दुहेरी मार.

आजच्या गाड्यांची टाकी बंदिस्त असते, त्यामुळे नुसत्या दमट हवेने हे पटकन होत नाही. तरी शिमग्याला आणलेली गाडी गणपतीपर्यंत अंगणातच राहणार असेल, तर टाकी भरून ठेवा. मोकळी जागा कमी, तर आत दमट हवाही कमी. मधूनमधून गाडी नुसती चालू करून बंद करण्यापेक्षा दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

पुराचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा देशातल्या पेट्रोलमध्ये सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास इथेनॉल होतं. आता २० टक्के आहे, म्हणजे पाणी शिरलंच तर तळाला बसणारा थरही मोठा. टाकीपर्यंत पाणी चढलेल्या गाडीची चावी फिरवायची नाही, इग्निशनसुद्धा ऑन करायचं नाही, कारण तेवढ्यानेही पंप सुरू होतो. गाडी टो करून गॅरेजला न्या, टाकी पूर्ण उपसून घ्या, फिल्टर बदला आणि मगच स्टार्टर मारा.