सीडीतला कोश आणि कातारी

आमच्या इंद्रायणीनगरच्या घरात 2000 साली कॉम्प्युटर आला. असेंबल केलेला, विंडोज 98 चा, 32 एमबी रॅमचा. मी भोसरी एमआयडीसीत टर्नर. दिवाळीचा बोनस आणि पतपेढीचं कर्ज मिळून तो घेतला. इंटरनेट मात्र घेतलं नाही. विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 ला देशात इंटरनेट खुलं केलं होतं, पण ते फोनच्या तारेवरून यायचं. जितका वेळ जोडलेलं, तितकं बिल, आणि तेवढा वेळ घरचा फोन बंद. म्हणून आमच्याकडे ज्ञान आलं ते सीडीवरून.

सीडी एन्कार्टाची होती. मायक्रोसॉफ्टनं 1993 मध्ये काढलेल्या या ज्ञानकोशाचा पाया फंक अँड वॅगनल्स या छापील कोशावर रचलेला. छापला तर कपाटाचे खण भरतील एवढा मजकूर तळहाताएवढ्या चकतीत! सीडी आत सरकवली की ड्राइव्ह आधी घरघरायचा, मग पडदा उजळायचा. अडलेल्या शब्दावर दोनदा क्लिक केलं की डिक्शनरी अर्थ दाखवायची. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. मुलगी शाळेतून येईपर्यंत कॉम्प्युटर माझा. पहिला शब्द मी शोधला तो 'लेथ'. ज्या मशीनवर हात काळे करत आलो, त्याचा इतिहास इंग्रजीत, एकेक ओळ अडखळत वाचला. त्या दिवशी फार बरं वाटलं आणि एक प्रश्नही पडला: हे मराठीत का नाही?

मराठीत कोश नव्हते असं नाही. डॉ. केतकरांचा ज्ञानकोश 1920 च्या दशकातच 23 खंडांत निघाला होता. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभारलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 चा. अडचण होती ती अक्षरांची. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा प्रत्येक फॉन्टनं 'क'ला आपापला वेगळा आकडा दिलेला. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेलं पत्र दुसऱ्यावर उघडलं की चिन्हांची खिचडी. अशा मजकुरात कॉम्प्युटरनं शब्द शोधायचा तरी कसा? युनिकोड आलं, विंडोज 2000 पासून मंगल फॉन्ट मिळाला, तेव्हा कुठे सगळ्या 'क'ना एकच आकडा लाभला. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला, महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. पुढे विश्वकोशही सी-डॅकच्या साहाय्यानं संगणकावर आला. माझ्या मते युनिकोडनं मराठीवर केलेले उपकार छापखान्याच्या तोडीचे आहेत.

शिकागो विद्यापीठानं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश संगणकावर शोधता येईल असा करून ठेवलाय. त्याच्या 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. मुलगी कॉलेजात असताना तिनं त्यातली काही पानं सेव्ह करून पेन ड्राइव्हवर घरी आणली. ती चाळताना एका ओळीवर थांबलो: कातारी. अर्थ टर्नर. म्हणजे कातकाम करणारा. आयुष्यभर हजेरी कार्डावर, पगारपत्रकावर इंग्रजी नाव वागवलं. आणि आपल्या धंद्याला आपल्या भाषेत नाव होतं, एमआयडीसी यायच्या शंभर वर्षं आधी कोशात नोंदलेलं. मी ते पान छापून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी लेथशेजारच्या टूल कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं.

एन्कार्टा 2009 मध्ये बंद झाला. माझी सीडी मात्र ड्रॉवरमध्ये आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवर अजून चालते. घरात घेतलेला कोश कंपनीनं बंद केला म्हणून नाहीसा होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आजही भोसरीत अशी घरं आहेत जिथं नेट म्हणजे बापाचा मोबाइल, आणि बाप सेकंड शिफ्टला. त्या मुलांसाठी एवढं करा: किविक्स नावाचा फुकट प्रोग्रॅम एकदा उतरवून घ्या, त्यात मराठी विकिपीडियाची फाइल भरा, आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवा. नंतर नेट लागत नाही. आणि तुम्ही लेथवर, मिलिंगवर, फाउंड्रीत असाल, तर तुमच्या कामाबद्दल चार ओळी त्या विकिपीडियात लिहा. मोल्सवर्थच्या कोशासाठी शब्द गोळा करणाऱ्या पंडितांनी कातारी टिपला नसता, तर मला तो सापडला नसता.