सर्व्हायव्हल गेममध्ये कासव कसं बनवायचं? कवच, जीन आणि अंड्यांचं तापमान

'निश' हा गेम खेळलाय का? झुरिकच्या स्ट्रे फॉन स्टुडिओने तो २०१७ मध्ये आणला. त्यात तुम्ही एक प्राणी नाही, अख्खा कळप सांभाळता. प्रत्येक गुणासाठी जीनची जोडी असते, एक आईकडून आणि एक बापाकडून. पिल्लात काय उतरणार ते त्या जोडीवर ठरतं. कळप संपला की गेम संपला.

तो खेळून मीही सुट्टीच्या दिवशी युनिटीमध्ये असाच छोटा गेम करायला घेतला. प्राणी निवडला कासव. वाटलं, सोपं आहे. डिफेन्स वाढवायचा, स्पीड कमी करायचा, झालं! पण तसं झालं नाही.

कवच म्हणजे कपडे नाहीत

मी आधी कवच हा 'आयटम' केला होता, म्हणजे तलवार-ढालीसारखा घालायचा आणि काढायचा. कार्टूनमध्ये कासव कवचातून बाहेर येतं ना, त्याचाच परिणाम. खरं कासव बाहेर येऊच शकत नाही. पाठीवरचं कवच हे त्याच्या बरगड्या आणि पाठीचा कणा यांनीच बनलेलं असतं. खांद्याचं हाडसुद्धा बरगड्यांच्या आत असतं. या बरगड्या हलत नाहीत, त्यामुळे आपल्यासारखी छाती फुगवून श्वास घेता येत नाही. ते काम आतले स्नायू करतात.

म्हणून गेममध्ये कवचाचा एकच जीन एकदम तीन आकडे बदलतो: डिफेन्स वाढतो, स्पीड आणि दम कमी होतो. फुकटचा फायदा ठेवला की काय होतं तेही मी बघितलंय. थोड्याच पिढ्यांत सगळा कळप एकसारखा होतो आणि खेळणाऱ्याला निवडण्यासारखं काही उरत नाही.

अर्ध्या कवचाचा गोंधळ

खरी मजा इथे आहे. कवचाचा जीन 'क' आणि बिनकवचाचा 'न' धरू. कक म्हणजे पूर्ण कवच, कन म्हणजे अर्धं, नन म्हणजे काहीच नाही. दोन कन प्राण्यांची जोडी लावली तर सरासरी चार पिल्लांत एक पूर्ण, दोन अर्धी आणि एक बिनकवचाचं निघतं. शाळेत काढलेला तोच चौकोन.

पण सगळा कळप नन असताना म्युटेशनने 'क' आला, तर तो पहिला प्राणी कनच असणार. माझ्या गेममध्ये अर्ध्या कवचाने ना नीट संरक्षण मिळे, ना पळता येई. तो प्राणी पिल्लं होण्याआधीच मरायचा आणि पूर्ण कवचापर्यंत कळप पोचायचाच नाही. दोन रविवार मी हा बग समजून कोड शोधत होतो. कोड बरोबर होता, डिझाइन चुकलं होतं.

उत्तर जीवाश्मांत सापडलं. चीनमध्ये सापडलेल्या ओडोन्टोकेलिस या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाचं वर्णन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या पोटाखाली पूर्ण कवच, पाठीवर मात्र फक्त रुंद बरगड्या आणि तोंडात चक्क दात! त्याहून जुन्या, दक्षिण आफ्रिकेतल्या युनोटोसॉरसला कवच नव्हतंच, पण बरगड्या रुंद होत्या. काही शास्त्रज्ञांच्या मते या बरगड्या आधी जमीन खणायला उपयोगी पडल्या, संरक्षण नंतर आलं.

मग मी कन प्राण्याला 'खणणे' ही क्षमता दिली. तो बीळ करून उन्हापासून लपतो, कंद उकरून खातो. आता अर्धं कवच टिकतं आणि कधीतरी दोन कन भेटून कक जन्मतो.

नर कुठे गेले?

बऱ्याच कासवांत पिल्लू नर की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं. समुद्री कासवांत साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास निम्मे-निम्मे होतात; त्याहून थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना बघितली असतील, त्यांचंही हेच.

मी हा नियम टाकला आणि उन्हाळ्याच्या लेव्हलला कळपात एकही नर उरला नाही. गेम ओव्हर. ही नुसती गेममधली गोष्ट नाही. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तरेकडच्या गरम किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या लहान पिल्लांत ९९ टक्क्यांहून जास्त माद्या आहेत, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं.

म्हणून दोन जीन वाढवले. एक, आई खड्डा किती खोल खणते. खोल वाळू थंड असते. दुसरा, नर-मादी ठरवणारं तापमानच अर्ध्या-एक अंशाने इकडेतिकडे करणारा. नर कमी झाले की प्रत्येक नराला जास्त पिल्लं होतात, त्यामुळे नर जन्माला घालणारा जीन आपोआप पसरतो. कळप सावरतो.

फक्त माझ्या गेममध्ये एक पिढी तीन मिनिटांची आहे. हिरव्या कासवाला पिल्लं होण्याइतकं मोठं व्हायला दोन-तीन दशकं लागतात, तोवर वाळू आणखी तापलेली असते. म्हणून शेवटच्या लेव्हलला मी पिढी दहापट लांबवली. मावसभावाला टेस्टिंगला दिला, तर पंधरा मिनिटांत त्याचा मेसेज आला, "दादा, हे पिल्लू मोठं का होत नाहीये? हँग झालं का?"