मत्स्यालयाची उंची कोण ठरवते?

भिंतीत बसवलेली काचेची मोठी टाकी आणि तीत संथपणे फिरणारे मासे हे दृश्य आता केवळ प्राणिसंग्रहालयापुरते राहिलेले नाही. नवे घर बांधताना बैठकीच्या खोलीत दीड-दोन मीटर लांबीची टाकी भिंतीतच बसवून घेणारी कुटुंबे आहेत. अशा टाकीची लांबी भिंत ठरवते, रुंदी भिंतीमागची जागा ठरवते. उंची मात्र बहुधा डोळ्यांना काय बरे दिसेल एवढ्यावरच ठरते. वास्तविक तिन्ही मापांत सर्वांत जपून ठरवायचे माप हेच. असे का, हे उलगडायला तीन शतके लागली, आणि या कामी एक अभियंता, एक रसायनतज्ज्ञ आणि मत्स्यालये बांधणारा एक व्यावसायिक अशा तिघांचा हातभार लागला.

पहिला मुद्दा दाबाचा. समुद्राला बांध घालून जमीन मिळवणाऱ्या नेदरलँड्समध्ये पाण्याचा रेटा हा रोजच्या जगण्याचा प्रश्न होता. तेथील अभियंता सायमन स्टेव्हिन याने १५८६ मध्ये पाण्याच्या वजनाविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. पाण्याचा दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो, भांड्यात एकूण पाणी किती यावर नाही, हे त्याने त्यात मांडले. पुढे पास्कालने हाच विषय अधिक नेटका केला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला.

उभ्या भिंतीवर पाण्याचा रेटा किती, याचाही हिशेब स्टेव्हिनने केला होता. पाण्याच्या पृष्ठभागाशी दाब शून्य, तळाशी सर्वाधिक, म्हणून सरासरी दाब तळाच्या निम्मा. या सरासरीला काचेच्या क्षेत्रफळाने गुणले की रेटा मिळतो. उंची गणितात दोनदा येते, एकदा दाबात आणि एकदा क्षेत्रफळात. त्यामुळे रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन मीटर लांबीच्या टाकीत पाणी ६० सेंटिमीटर उंच असेल, तर पुढच्या काचेवर सुमारे ३६० किलोग्रॅम वजनाइतका रेटा येतो. उंची ९० सेंटिमीटर केली तर तो ८१० होतो आणि १२० सेंटिमीटर केली तर १४४०. उंची दुप्पट, रेटा चौपट!

काचेची जाडी याहून झपाट्याने वाढवावी लागते. काच नुसती ढकलली जात नाही, ती वाकते. लांबट टाकीत वरच्या आणि खालच्या आधारांमधले अंतर म्हणजे टाकीची उंचीच. ती दुप्पट केली तर काचेतील ताण तेवढाच ठेवण्यासाठी जाडी ढोबळमानाने २.८ पट करावी लागते.

याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. टाकी पुढून मागे ५० सेंटिमीटर रुंद असो वा दीड मीटर, पुढच्या काचेवरचा रेटा तेवढाच राहतो. काचेच्या मागे घागरभर पाणी आहे की अरबी समुद्र, हे काचेला कळत नाही. तिला कळते ती फक्त उंची.

दुसरा मुद्दा श्वासाचा. १८४६ मध्ये लंडनच्या ॲना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ घरी आणले. ते जगवण्यासाठी समुद्राचे पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज ओतावे लागे, आणि हे कंटाळवाणे काम त्यांच्या मोलकरणीच्या वाट्याला येई. ओतण्यामुळे पाण्याचा नवा नवा पृष्ठभाग हवेला लागत होता. पाण्यात ऑक्सिजन शिरतो तो याच दारातून.

हे दार किती अरुंद आहे पाहा. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर एक लिटर हवेत तो २७० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय स्थिर पाण्यात ऑक्सिजनचे विसरण अतिशय मंद असते. केवळ विसरणाच्या भरवशावर तो ३० सेंटिमीटर खोल पोचायला काही महिने लागतील आणि ६० सेंटिमीटरला त्याच्या चौपट काळ. ७२० लिटर पाणी ६० सेंटिमीटर उंच टाकीत भरले तर त्याला १.२ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. तेच पाणी १२० सेंटिमीटर उंच टाकीत भरले तर ०.६ चौरस मीटरच. मासे तेवढेच, पाणीही तेवढेच, पण श्वासाचे दार निम्मे.

लंडनचा रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने यावर वेगळा उपाय शोधला. १८४९ मध्ये त्याने सुमारे ५४ लिटरच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देई, पण तिची कुजणारी पाने पाणी बिघडवीत. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि तोल साधला. हे निरीक्षण १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पण वनस्पतीला प्रकाश हवा, आणि तोही वरून. तळ्यात प्रकाश वरून येतो. काचेच्या भांड्यात तो बाजूंनीही शिरतो आणि काचेवर शेवाळ माजते. म्हणून वॉरिंग्टनने पुढे मागची बाजू उतरती असलेली, वर रुंद आणि तळाशी अरुंद अशी टाकी सुचवली. खोलीचा इथेही अडसर असतो. एक मीटर शुद्ध पाण्यातून जाताना लाल प्रकाशाचा सुमारे तिसरा हिस्सा शोषला जातो. टाकीतल्या पाण्यात तरंगणारे कण असतात, त्यामुळे तळाशी आणखी कमी प्रकाश पोचतो.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप गॉस याचे मत्स्यालयावरील पुस्तक आले. इंग्लंडभर घरोघरी टाक्यांचे वेड पसरले. या काळात विल्यम अल्फर्ड लॉइड हा टाक्या आणि सागरी जीव विकणारा माणूस पुढे आला. हँबर्गचे (१८६४) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे (१८७१) मत्स्यालय त्याच्या देखरेखीखाली आकाराला आले. पाणी भरपूर हवे, पण ते सगळे प्रेक्षकांपुढे कशाला, हा त्याचा विचार. क्रिस्टल पॅलेसमध्ये दर्शनी टाक्या मर्यादित आकाराच्या होत्या, आणि त्यांच्यातील पाण्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात होते. पंपाने ते अखंड फिरवले जाई. नेपल्सला १८७४ मध्ये उघडलेल्या अँटोन डोर्नच्या मत्स्यालयासाठीही लॉइडचा सल्ला घेतला गेला.

विसाव्या शतकात सामग्री बदलली. लोखंडी चौकट आणि लांबी यांची जागा १९६०च्या दशकापासून सिलिकोनने घेतली. मोठ्या मत्स्यालयांत काचेऐवजी ॲक्रिलिक आले. जपानमधील ओकिनावा येथे २००२ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात ८.२ मीटर उंच आणि २२.५ मीटर लांब पारदर्शक भिंत आहे, आणि तिची जाडी ६० सेंटिमीटर आहे! बर्लिनच्या एका हॉटेलात सुमारे १४ मीटर उंचीचे दंडगोल मत्स्यालय होते. तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १४ टन दाब. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटले, दहा लाख लिटर पाणी बाहेर लोटले आणि सुमारे १५०० माशांपैकी बहुतेक मेले. पहाटेची वेळ असल्याने माणसे थोडक्यात वाचली.

आता पुन्हा घरातल्या टाकीकडे वळू. आज पंप पाणी खेळवतो, दिवे हवा तसा प्रकाश देतात, म्हणून वॉरिंग्टनच्या अडचणी सौम्य झाल्या आहेत. स्टेव्हिनचा नियम मात्र जागच्या जागी आहे. त्यात आणखी दोन गोष्टींची भर घालायला हवी. एक म्हणजे जमिनीवरचा भार. भारतीय मानकांनुसार राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार गृहीत धरतात. ६० सेंटिमीटर पाणी ६०० किलोग्रॅम भार देते. वरच्या मजल्यावर मोठी टाकी बसवण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याला विचारणे यासाठीच आवश्यक. दुसरी गोष्ट म्हणजे आपला हात. खांद्यापासून बोटांपर्यंत तो साधारण ७० सेंटिमीटर भरतो. तळ हाताला लागत नसेल तर मेलेला मासा काढणे, रोप लावणे, काच पुसणे ही कामे टळत जातात, आणि त्याची किंमत मासे मोजतात. भिंतीतल्या टाकीवर हात आत घालण्याइतकी मोकळी जागाही ठेवावी लागते.

म्हणून घरासाठी ६० सेंटिमीटरच्या आसपासची उंची आम्हाला योग्य वाटते. अधिक पाणी हवे असेल तर टाकी मागे रुंद करावी, किंवा लॉइडसारखे ते खालच्या झाकलेल्या हौदात ठेवावे. दृश्य भव्य हवे असेल तर लांबी वाढवावी.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एक रुंद डबा आणि एक अरुंद बाटली घ्या. दोन्हींना तळापासून सारख्या उंचीवर एकाच खिळ्याने भोक पाडा, सारख्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि भोके एकदम मोकळी करा. कोणती धार लांब पडेल, हे विद्यार्थ्यांना आधी सांगू द्या. बहुतेक जण डब्याचे नाव घेतील. सुरुवातीला दोन्ही धारा सारख्याच अंतरावर पडतील, आणि मग बाटलीची धार लवकर का मावळते, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतील.