घड्याळाचा उन्हाळा
वसंतात घड्याळ पुढे सरकवण्याची कल्पना ब्रिटनमध्ये रुजवली ती विल्यम विलेट या घरबांधणी व्यावसायिकाने. पहाटे घोड्यावरून रपेट मारताना त्याला दिसे, की ऊन चांगले वर आले तरी लोकांच्या खिडक्या बंदच. 1907 मध्ये त्याने पुस्तिका काढली. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे, अशी एकूण 80 मिनिटे घड्याळ पुढे न्यावे आणि सप्टेंबरात त्याच पद्धतीने मागे घ्यावे, असा त्याचा हिशेब होता. तो जरा किचकटच. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने 1895 मध्येच दोन तासांचा बदल सुचवला होता. नोकरीनंतर त्याला कीटक गोळा करायला उजेड हवा होता.

पार्लमेंटने विलेटला दाद दिली नाही. 1915 मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी महायुद्धाने काम केले. कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने 30 एप्रिल 1916 रोजी घड्याळे तासभर पुढे केली आणि 21 मे रोजी ब्रिटननेही. लांबलेली संध्याकाळ लोकांना आवडली, म्हणून युद्ध संपले तरी ब्रिटनमध्ये प्रथा टिकली. दुसऱ्या महायुद्धात तर उन्हाळ्यात ब्रिटिश घड्याळे ग्रिनिचच्या दोन तास पुढे असत. पेट्स वूडमधील विलेटच्या स्मारकावरची छायाघडी उन्हाळी वेळच दाखवते.